बॉनेटवरची जागा

"पुढं दोन जागा आहेत, मॅडम. या, बसा," नविन म्हणाला आणि त्याने पुढच्या सीटवरची कुणाची तरी कापडी पिशवी उचलून खाली पायाशी ठेवली.

संगिताला हसू आलं. जीप चालवणारा नविन तिच्या शेजारच्या पाड्यावरचा. एरवी भर बाजारात 'संगे, ए संगे' करून बोंबलणारा हा पठ्ठ्या आज मॅडम म्हणत होता. बरोबर हेतल होती म्हणून असेल. काही का असेना, तिला बरं वाटलं.

दोघी डहाणूच्या एका शाळेत शिकवायच्या. आज रविवार, महालक्ष्मीचं दर्शन घ्यावं म्हणून विवळवेढ्याला निघाल्या होत्या. हेतल बोर्डीची. घरी दोन गाड्या, पण एक गॅरेजात आणि दुसरी पप्पा घेऊन गेलेले. त्यामुळे तलासरीच्या जीपमध्ये बसायची तिची ही पहिलीच वेळ. स्वारी एकदम खूश होती.

"अगं, ते काका कुठे चढतायत?" तिने समोर बोट दाखवलं.

"बॉनेटवर," गाडी सुरू करत नविन म्हणाला. "आत भरली की मग बॉनेट."

"बॉनेट म्हणजे इंजिनचं झाकण ना? आमच्या गाडीच्या बॉनेटला कुणी नुसता हात लावला तरी पप्पांचा दिवस खराब जातो."

"तुमच्याकडं झाकण असेल. आमच्याकडं ती सीट आहे. माणूस नसला तर कोंबड्या. डहाणूला गाडी उभी केली की बायका वर बोंबील पसरतात. पोलिसांनी धरलं तर पावतीपण त्याच्यावरच ठेवून फाडतात. आणि थंडीत विचारू नका, खालून मस्त शेक."

"पण आता तर उन्हाळा आहे."

"हां, आता शेक जरा जास्तच होतो," नविन म्हणाला.

हेतल खळखळून हसली. संगिताला हसता आलं नाही. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात, काचेला पाठ लावून जो बसला होता, तो हाल्या होता. तिचा बाप. डोक्यावरून टॉवेल ओढलेला, तोंड दिसत नव्हतं. पण उजव्या खांद्यावर आईने लावलेलं निळं ठिगळ तिने कुठेही ओळखलं असतं.

तिने पटकन मान खाली घातली.

त्याला कारण होतं. आमची चिकूची वाडी आहे, असं तिने शाळेत सांगून ठेवलं होतं. वाडी होती, पण ती दुसऱ्याची. हाल्या तिथे मजुरीने चिकू उतरवायचा. एकदा बोलता बोलता तोंडातून गेलं आणि मग मागे घेता येईना. हेतलच्या घरची मोठी बाग, त्यामुळे तिने त्यावरूनच मैत्री धरली, घरी नेलं, आईच्या हातचं जेवू घातलं. आता हा म्हातारा मागे वळून नुसतं 'संगे' म्हणाला असता, तर सोमवारी सगळ्या शाळेत शोभा झाली असती.

वळू नको, बाबा, ती मनात म्हणाली. देवीला काय काय मागायचं ठरवून निघाली होती, आणि वाटेतच हे एवढंच मागून बसली.

"तुझे पप्पा आज वाडीवर असतील ना?" हेतलने विचारलं. "दर्शन झालं की जाऊ या. मला बघायचीय."

"आज नाहीत गं. बाहेरगावी गेलेत."

बाहेरगावी गेलेल्या बापाची पाठ हातभर अंतरावर, काचेपलीकडे हिंदकळत होती. खाली गोणपाटाचा तुकडा होता, तरी तो मधूनच अंग उचलून पुन्हा टेकत होता.

हायवेच्या नाक्याआधी नविनने जीप थांबवून इंजिन बंद केलं. पुढे पोलीस असले की बॉनेटवाल्यांनी उतरायचं, चालत नाका ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा चढायचं, हे इथलं रोजचंच. हाल्या हळूच खाली सरकला. जरा वेळ तसाच वाकून उभा राहिला.

"बिचारे. भाजलं वाटतं," हेतल म्हणाली. "ओळखतेस का गं? तुमच्याच बाजूचे दिसतात."

इंजिन बंद होतं. मागचेही कुणी बोलत नव्हते.

"नाही," संगिता म्हणाली.

हाल्याने टॉवेल आणखी पुढे ओढला आणि चालू लागला.

ऐकलं नसेल, तिने स्वतःला समजावलं. हल्ली त्याला कमीच ऐकू येतं. पण कानशिलं तापली होती. जिभेला हाड नसावं म्हणजे किती, असं तिला झालं. आणि तरीही तो नाक्यापलीकडे पुन्हा चढला आणि मागे न बघता बसला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. मग त्याचीही तिला लाज वाटली.

विवळवेढ्याला दोघी उतरल्या. हेतल ओटीचं सामान घ्यायला दुकानाकडे धावली. हाल्या लांब हातपंपावर, पाठमोरा, ओंजळीने पाणी पीत होता. संगिता दोन पावलं गेली, थांबली आणि परत येऊन नविनच्या खिडकीशी उभी राहिली.

"नविन, आमच्या जागा रिकाम्या झाल्यात. आता बाबाला आत बसव," ती हळू आवाजात म्हणाली. "मी सांगितलं म्हणून सांगू नको. मी गाडीत होते ते त्याला कळलंच नाही."

नविनने तिच्याकडे बघितलं नाही. पायाशी ठेवलेली पिशवी त्याने उचलली, झटकली आणि ती बसली होती त्याच जागेवर परत ठेवली.

"पुढं एकच जागा रिकामी होती, संगे. दुसरीवर तो बसलेला. तुम्ही दोघी येताना दिसलात, तसा उतरला. म्हणाला, मी बॉनेटवर जातो, तू तिला मॅडम म्हण."