मटाराची साल

पक्षाघातानंतर घड्याळजींचा उजवा हात रुसला तो रुसलाच. व्यायामाचा चेंडू भिरकावून ते दिवसभर डाव्या हातानं काचेच्या टाकीतल्या माशाला कोरडं खाणं घालत बसत. शेवटी मासा फुगून उलटा तरंगला. "काका, मासा पाळलाय की फुगा?" मासे विकणारा दुकानदार फोनवर म्हणाला. "दोन दिवस उपाशी ठेवा. मग उकडलेला मटार द्या, साल काढून." तिसऱ्या दिवशी बायकोनं दाणा सोलायला घेतला. "नाजूक काम आहे, चेंदामेंदा करशील," म्हणत त्यांनी तो हिसकावला. एका हातानं साल निघेना. मग रुसलेली बोटं थरथरत दाण्याला भिडली. बायको पुसलेलीच ताटं पुसत राहिली. अखेर साल सुटली. तुकडे गिळून मासा सकाळपर्यंत सरळ झाला. बायकोनं वाटीभर मटार उकडून पुढ्यात ठेवले. "एवढे?" "उरलेले आपल्याला. सोला." ते सोलू लागताच तिनं माशाला हात जोडले.