राखीव रक्त

नगरसेवक भास्कररावांनी हर्नियाच्या साध्या ऑपरेशनसाठी हट्टानं रक्ताच्या दोन पिशव्या मागवून खाटेशेजारी बर्फाच्या पेटीत ठेवून घेतल्या होत्या. रक्तपेढीच्या डॉक्टर मुलाणींनी येऊन झाकण उघडलं, तर बर्फाची पाकिटं गायब आणि पिशव्यांवर सोड्याच्या बाटल्या.

“हे रक्त आता फेकायचं,” त्या म्हणाल्या.

“मग दुसरं आणा!” भास्करराव गुरगुरले.

“ते कुणीतरी द्यावं लागतं. तुमची एवढी माणसं आहेत, कोण देतंय?”

एका कार्यकर्त्याला अचानक फोन आला. बाकीचे त्याच्यामागून चहाला गेले.

भास्कररावांची बायको उठली. “माझं घ्या.”

“शेवटी घरचंच माणूस,” ते समाधानानं हसले.

नवऱ्याकडे न बघता ती डॉक्टरांना म्हणाली, “पण ह्यांना नको. ज्याला खरंच लागेल, त्याला द्या.”