राधिका ओगले यांचं पुस्तक

काचेच्या कपाटात आपलं पुस्तक दिसलं आणि वसुधाताई जागच्या जागी थांबल्या.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या लायब्ररीत त्या दुपारी इंग्लंडमधल्या एका जुन्या कादंबरीकार बाईंची द्विशताब्दी साजरी होत होती. हयातभर बाईंची पुस्तकं 'मिसेस थॉर्नली' या नावाने निघाली. आता त्यांचं स्वतःचं नाव, अ‍ॅग्नेस व्हिटकम, मुखपृष्ठांवर परत आलं होतं आणि सोहळा त्याचाच होता. केक कापून झाला होता, भाषणं झाली होती. देशोदेशीचे अनुवाद कपाटात मांडले होते. मराठी अनुवाद पार पिवळा पडलेला. शेजारी देवनागरीत हाताने लिहिलेलं कार्ड: अनुवाद – कु. राधिका ओगले, पुणे.

"काकू, तुम्ही पुण्याच्या ना?" कार्यक्रमाची सगळी धावपळ करणारी नेत्रा जवळ आली. महाराष्ट्र मंडळातली मुलगी, वागायला गोड. "या राधिका ओगले माहितीयत का तुम्हाला? मी खूप सर्च केलं. या एका बुकनंतर काहीच नाही. आय थिंक, शी डाइड यंग."

वसुधाताईंनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मीच ती, एवढंच म्हणायचं होतं. पण माहेरचं कुणी उरलं नव्हतं, त्या नावाने हाक येऊन वर्षं लोटली होती. ते आपल्याच तोंडून उच्चारायचं म्हणजे कुणा दुसऱ्याच बाईची ओळख करून दिल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात त्यांचे यजमान, डॉक्टर गुरुदत्त बेहेरे, कॉफीचा कप घेऊन मागून आले. "अगं, डाइड यंग कसली? ही काय, तुझ्यासमोर उभी आहे. राधिका हिचं माहेरचं नाव. लग्नात मी बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं होतं, वसुधा."

डॉक्टरांचा अभिमान खरा होता. माणूस वाईट नव्हताच. पुन्हा लिही, असं त्यांनी अनेकदा सुचवलंही होतं. यांच्या ड्यूट्या, मुलांच्या शाळा, आल्यागेल्याचं जेवणखाण. वसुधाताईच दरवेळी पुढच्या हिवाळ्यावर ढकलत राहिल्या.

नेत्राने दोन्ही हात गालांवर ठेवले. "ओ माय गॉड, काकू. थांबा, मी कार्ड चेंज करते." तिने कपाट उघडलं, कार्ड उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर सुबक अक्षरात लिहिलं: सौ. वसुधा गुरुदत्त बेहेरे. थोड्या वेळापूर्वी हीच पोरगी माइकवर, बाईंना त्यांचं नाव परत द्यायला इतकी वर्षं का लागली, म्हणून तळमळून बोलली होती.

"नको," वसुधाताई म्हणाल्या.

"काय झालं गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"अहो, थांबा जरा. नेत्रा, जुनंच नाव राहू दे. पुस्तक राधिकाने केलंय."

नेत्रा ओशाळली. "सॉरी काकू. मी पण ना यार." तिने कार्ड पुन्हा उलटं करून जागेवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे हिचं."

वसुधाताईंना फार बरं वाटलं. एवढ्याशा वाक्याला आपण इतकी वर्षं का घाबरलो, तेच त्यांना कळेना.

नेत्राने पुस्तकाचं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि पेन दिलं. "मग साइन करा ना, काकू. राधिका ओगले म्हणूनच."

त्या खुर्चीवर बसल्या. पेन कागदावर टेकवलं आणि तसंच थांबलं. राधिका सही कशी करायची? नाव पूर्ण लिहायची की नुसतं आद्याक्षर? डोळे मिटून आठवून पाहिलं. काही येईना. सगळे वाट बघत होते. शेवटी त्यांनी विचार सोडला. हाताला तरी आठवत असेल, म्हणून हात मोकळा सोडला.

हाताने सही केली. एका दमात, सफाईदार. वसुधा बेहेरे, खाली तिरकी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं.

डॉक्टर चष्मा लावून वाकले. "छान आली," ते म्हणाले.