ट्रकमधून पडलेला दगड

ट्रकचा मागचा फाळका थरथरला आणि पांढरे दगड एकामागोमाग रस्त्यावर आदळले.

ट्रकच्या मागे गाडी चालवणाऱ्या रावयाने ब्रेक दाबला नाही. दाबला असता तर मागची बस अंगावर आली असती. तिने स्टिअरिंग ओढलं, गाडी डांबर सोडून वाळूत शिरली, दोनदा हेलकावली आणि तिरकी होऊन थांबली. एक दगड फुटून त्याचे कपचे काचेवर आले होते. काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता. दुसरा दगड अख्खाच्या अख्खा रस्त्याच्या मधोमध बसला होता.

शेजारी तिची आई मांडीवरचं फतीरचं ताट कवटाळून बसली होती. मिन्या शहरात, मुलाच्या घरी बाळ झालं होतं. त्यासाठी म्हातारीने पहाटे उठून तुपातल्या पोळ्या भाजल्या होत्या.

"लागलं का गं आई?"

"नाही. अल्लाने वाचवलं."

"अल्लाने वाचवलं खरं. पण मारत कोण होतं?"

ती खाली उतरली. दगड हलवायला गेली, पण तो तिला एकटीला तसूभरही हलेना, आणि गाड्या तर अंगावरून गेल्यासारख्या सणसणत होत्या. थांबायला कुणी तयार नव्हतं. लांबवर ट्रक पांढरी धूळ उडवत निघाला होता. रावया गाडीत बसली आणि त्याच्या मागे लागली.

तिने हॉर्न दिला, दिवे मारले. ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून 'जा पुढे' अशी खूण केली. शेवटी एका चहाच्या टपरीपाशी तो स्वतःहूनच थांबला. रावयाने आपली गाडी नेमकी त्याच्या तोंडासमोर आडवी लावली.

फर्गली नावाचा तो ड्रायव्हर चाळिशीतला, ऐसपैस अंगाचा होता. तिचं सगळं ऐकून घेता घेता त्याने चहा मागवला.

"एवढं चिकटून चालवायचं कशाला, बाई? दगडाच्या गाडीमागे अंतर ठेवावं माणसाने."

"तू दोर बांधला होतास?"

"दगडखाणीपासून इथवर काय बांधायचं? चार पावलांचा तर रस्ता."

टपरीवरची माणसं हळूहळू जवळ सरकली. टपरीवाला म्हणाला, "झालं ते झालं, ताई. थोडक्यात निभावलं. चहा घे, रागावर पाणी ओत." दुसरा एकजण म्हणाला, "जीव वाचला ना? मग भांडण कसलं?" आईनेही खिडकीतून मान काढली. "सोड ना गं, रावया. भाऊ वाट बघत असेल."

रावयाचे कान तापले. ज्याला त्याला तिचीच समजूत घालायची होती. फर्गलीला कुणी काही विचारत नव्हतं.

"मी काचेचं काहीच बोलले नाही," ती म्हणाली. "दगड अजून रस्त्यात आहे. चल, उचल."

फर्गली हसला. "रोज पडतात, बाई. कुणीतरी करतं बाजूला."

"कुणीतरी म्हणजे कोण? नाव सांग त्याचं."

फर्गलीने चहाचा घोट घेतला. रावयाने गाडीची किल्ली काढून मुठीत धरली आणि ट्रकच्या चाकाला टेकून उभी राहिली. मागून येणाऱ्या गाड्यांना टपरीवर वळायला जागा राहिली नाही. हॉर्न सुरू झाले. थोड्या वेळापूर्वी तिला चहा पाजायला निघालेला टपरीवाला आता फर्गलीवरच खेकसला, "अरे जा ना बाबा एकदाचा तिच्याबरोबर! माझं गिऱ्हाईक चाललंय."

फर्गली पुटपुटत रावयाच्या गाडीत मागच्या सीटवर बसला. वाटेत आईने ताटावरचं फडकं उचललं आणि त्याच्यापुढे पोळीचा तुकडा केला. रावयाने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"उपाशी असेल गं तो," म्हातारी म्हणाली.

पुढचं वळण घेऊन, उलटं जाऊन ते पुन्हा त्याच रस्त्याला लागले. दगड होता तिथेच होता. पण त्याच्या पलीकडे एक मायक्रोबस वाळूत नाक खुपसून उभी होती. पुढचं चाक फुटून रिंग वाकली होती. उतारू कडेला बसले होते. एक म्हातारा भुवईवर पागोट्याचं टोक दाबून होता आणि ते टोक लाल झालं होतं. एक बाई रडणाऱ्या पोरीला पाठीवर थोपटत येरझारा घालत होती.

फर्गली गाडीतून उतरला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग दगडापाशी गेला, वाकला, छातीशी घेऊन उचलला आणि लांब वाळूत नेऊन टाकला.

"हात शाबूत राहोत तुझे," मायक्रोबसचा ड्रायव्हर म्हणाला. "इतक्या वेळात एक माणूस थांबला नाही."

"अशी भली माणसं आहेत म्हणून चाललंय," म्हातारा म्हणाला. पोरीच्या आईनेही त्याला दुवा दिली.

फर्गलीने छातीवर हात ठेवून मान लववली. "माणसाने माणसाच्या उपयोगी पडावं, एवढंच," तो म्हणाला. आणि सगळे त्याच्याकडे बघतायत असं पाहून त्याने आणखी भर घातली, "या ट्रकवाल्यांना ना देवाची भीती राहिली, ना कायद्याची."

रावया गाडीजवळच उभी होती. तिचा आवाज चढला नाही.

"या भल्या माणसाला विचारा जरा," ती म्हणाली, "बाकीचे दगड कुठे ठेवून आलाय."

सगळ्यांच्या माना फर्गलीकडे वळल्या. त्याचा हात अजून छातीवरच होता.