तळाशी दोन जाळ्या

मालकाने पोहण्याच्या तलावाच्या नकाशावरचं एक वर्तुळ खोडलं. "एवढ्याशा तलावात पाणी ओढायला तळाशी दोन जाळ्या कशाला? निळ्या फरशीवर डोळ्यांत खुपतील!" प्लंबर खड्ड्याच्या काठावर गुडघे चोळत बसला होता. दोन जाळ्या का लागतात, हे तो पंचवीस वर्षं प्रत्येक मालकाला समजावत आला होता. "पोहणार कोण, साहेब?" "आमची चिमणी. पाचवं लागलंय तिला." प्लंबर कण्हत उठला. त्याने पिंपातल्या पाण्यात पंपाची नळी सोडली, बटण दाबलं. "नळीच्या तोंडावर तळवा ठेवा." मालकाने हसत ठेवला. "आता काढा." मालकाने ओढला, दुसऱ्या हाताने मनगट धरून ओढला. हात सुटेना. "अहो, बंद करा!" प्लंबरने पंप थांबवला. "जाळ्या दोन असल्या की एकीवर पाठ टेकली तरी पंप दुसरीतून पाणी ओढतो, पोर चिकटून राहत नाही." मालक तळव्यावरचा लाल वळ चोळत राहिला. "मिस्त्री, तीन बसवता येतील का?"