मारोती गेल्यावर

उमरखेडचे पाहुणे मथुरेला पाहून गेले आणि आठव्या दिवशी होकाराची चिठ्ठी आली. नवरदेव शेषराव, शाळेत मास्तर. उकंडानं चिठ्ठी मथुरेकडूनच दोनदा वाचून घेतली. त्याची बायको तुळसाबाई चुलीपुढून उठली नाही.

"थे गेली का घर खायले उठीन," एवढंच ती म्हणाली.

बाभुळगावजवळच्या या घरात चार वर्षांपूर्वीपर्यंत मारोती होता. उकंडाचा एकुलता एक मुलगा, सातवी पास. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्यानं घरातले देव उतरवले, तेव्हा तुळसाबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मारोतीनं स्वतः भाकरी थापल्या. त्यांचे आकार पाहून तिला हसू फुटलं.

पुढं रोज कामं आटोपली की तो घरातल्या दोघी बायांना पाटी घेऊन बसवायचा. तुळसाबाई आपल्या नावाशी थांबली. मथुरा वर्तमानपत्र वाचू लागली.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर खोदताना दरड ढासळली. मारोतीनं दोघांना वर ढकललं. तो आतच राहिला. बावीस वर्षांचा होता.

मथुरेनं स्थळाला आधी साफ नकार दिला होता. तुम्हा दोघांना मग कोण पाहील, हेच तिचं म्हणणं. उकंडानं तिला समोर बसवलं.

"मारोतीनं तुले शिकवलं, थे आमच्या चुलीपाशी जलम काढाले नाही," तो म्हणाला.

ती बराच वेळ रडली. मग हो म्हणाली.

माघात लग्न लागलं. तुळसाबाईनं आपल्या हातानं तिला नवं पांढरं लुगडं नेसवलं, वेणी घातली. वंदना झाली, हार घातले गेले. लग्नाची नोंद करायला पुसदहून आलेले गृहस्थ या घरात नवीनच होते. त्यांनी मथुरेचं नाव, वय लिहून घेतलं.

"वधूकडून सही कोणाची?"

"माही," उकंडा म्हणाला.

"आणि वधू कुमारी, बरोबर?"

उकंडानं तुळसाबाईकडे पाहिलं. शेषराव शांतपणे खाली पाहत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. तुळसाबाई पुढं झाली.

"नाही, भाऊ. विधवा लिवा," ती म्हणाली. "आमच्या मारोतीची बायको व्हय थे."