शेवटी ओ

अडीचची हिंगोली बस कनेरगाव नाक्याला यायला पंचवीस मिनिटं होती, आणि तातेरावांनी सीपीयू बांधायला जुनी चादर आधीच आणून ठेवली होती.

"प्रिंट निघाली तर निघाली. न्हाई तर ह्यो डबा घेऊन मी चाललो. दुकानवाला सगळं पुसून पहिल्यासारखं करून देतो म्हणला."

"पुसून?" केशरबाईंनी विचारलं.

"पुसल्याबिगर जुनं परत कसं बसंल?"

केशरबाईंनी फोन स्पीकरवर करून कीबोर्डाशेजारी ठेवला. फोनवर त्यांची लेक वैष्णवी होती, नांदेडहून. दिवाळीत आली तेव्हा तिनंच जुनी विंडोज काढून हे लिनक्स घातलं होतं. जुन्या मशीनवर पळतं, व्हायरसची कटकट नाही आणि फुकट आहे, म्हणाली होती. त्या शेवटच्या शब्दानंच तातेरावांचा विश्वास उडाला होता.

शेजारच्या राणीच्या लेकीचं पाच वाजता बारसं होतं. पाळणा केशरबाईंनी रचलेला, टाइपही त्यांनीच केलेला. बायकांच्या हातात द्यायला वीस कागद हवे होते, आणि काल आणलेला प्रिंटर नुसता हिरवा दिवा दाखवत बसला होता.

"घरच्या मानसाचं काम न्हाई हे," तातेराव म्हणाले. "इंजिनेराचं हाय. मला बारा वर्षं कॉम्प्युटरची सवय, तरी ह्यात काही सापडून न्हाई राहिलं. तुला काय सापडनार?"

"मला सवयच नव्हती," केशरबाई म्हणाल्या. "म्हणून सापडतं."

ते खरंच होतं. जुन्यावर तातेराव बसायचे आणि केशरबाई त्याची धूळ झटकायच्या. नव्याच्या शाळेत दोघं एकाच दिवशी गेले, आणि नंबर केशरबाईंचा आला.

"बाबांचा पत्त्यांचा खेळ हरवलाय," फोन म्हणाला. "खरं दुखणं ते आहे."

"तू गप. मायला काय सांगायचं ते सांग."

वैष्णवी एकेक अक्षर सांगत गेली. "एस. यू. डी. ओ."

"सुडो म्हंजे काय गं?"

"म्हणजे, घरची मालकीण सांगतेय, ऐक."

केशरबाईंनी ती चार अक्षरं पुन्हा एकदा डोळे भरून वाचली. मग पुढची सगळी अक्षरं एका बोटानं शोधत लिहिली आणि एंटर दाबलं.

"आता पासवर्ड मागेल. दिवाळीत तू टाकला होतास, मला बघूसुद्धा न देता. काही नवं बसवायचं असलं तरच लागतो, म्हणून आजवर लागला नाही. काय होता?"

केशरबाईंनी पदर सारखा केला.

"सांग ना आई."

"सांगता येत न्हाई."

"इसरली," म्हणत तातेरावांनी चादर उलगडली.

"इसरले न्हाई. तोंडानं सांगता येत न्हाई."

"काहून? मंत्र हाय का?"

केशरबाई लिहायला लागल्या. पडद्यावर काहीच दिसेना.

"घ्या. आता कीबोर्डबी मेला. एक अक्षर उमटंना."

"उमटत नसतंच बाबा. पासवर्ड लिहिताना इथं ठिपकासुद्धा दिसत नाही. आई, तू लिहीत जा."

लिहून झालं. चूक आलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा चूक.

"तिसऱ्यांदा चुकलं की सगळं पहिल्यापासून," वैष्णवी म्हणाली.

"तवर माझी बस येती," तातेराव म्हणाले, आणि वाकून बघायला लागले. पडद्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बोटाकडे बघत राहिले. बोट टी शोधत गेलं. मग ए. परत टी. ई. आर. ए. तिथून ते खालच्या ओळीत व्हीकडे निघालं.

तातेरावांची थट्टा तोंडातच राहिली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. ते नाव केशरबाईंनी उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी 'आवो' आणि 'ह्ये', यांच्यावर संसार झाला होता.

त्यांनी घसा खाकरला.

"व्ही न्हाई," ते हळूच म्हणाले. "शेवटी ओ. तुझ्या मतदान कार्डावर ओ हाय. त्यावरूनच उतरवलं असशील."

बोट हवेतच थांबलं. केशरबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मान वर न करता त्यांनी ओ शोधला आणि दाबला.

या खेपेला मशीननं ओ दिली. पडद्यावर अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या. वैष्णवीनं आणखी दोन-तीन ठिकाणी दाबायला लावलं. प्रिंटर खरखरला, थांबला, परत खरखरला, आणि त्यानं कागद ओढला. पाळणा जरा तिरका आला, पण शेवटच्या कडव्यापर्यंत आला.

नाक्यावर बसचा हॉर्न वाजला. तातेराव प्रिंटरमधले कागद काढून, ठोकून सरळ करून परत लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाबांना कसा कळला पासवर्ड?" फोनमधून आवाज आला. केशरबाई निघालेला पाळणा वाचत राहिल्या. "बरं, कळला ना? मग आई, आजच बदलून टाक. दुसऱ्या कुणाला कळला की बदलायचा असतो."

"बदलत न्हाई," केशरबाई म्हणाल्या. "ह्ये काय दुसरे हायेत व्हय?"